शोचे पैसे वेगळे

"शोचे पैसे वेगळे होतील हं, ताई," सर म्हणाले आणि मी लगेच मान डोलावली. शेजारी उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्यानेही डोलावली. वर तो म्हणाला, "हो हो, ते काय, बघू आपण." जसे काही आमच्या घरचे घोडे दर महिन्याला शोमध्ये उतरत होते.

कुंपणापलीकडे आमची मुलगी क्लबच्या तपकिरी घोडीला सावकाश चालवत होती. जानेवारीत तिला ह्याच मैदानावर पहिल्यांदा स्पर्धेत उतरायचं होतं, घोडीवर बसून रंगीत काठ्यांवरून उड्या घ्यायच्या होत्या. त्यासाठी आम्ही ह्या सरांना ट्रेनर म्हणून ठरवलं होतं. ठरवलं म्हणजे त्यांनी शिकवायचं एवढं ठरलं होतं. महिन्याच्या शिकवणीचे पैसे क्लबच्या खिडकीवर भरायचे होते, ते माहीत होतं. पण शोसाठी सरांना किती द्यायचे, ते आम्ही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

परत येताना चिंचपोकळीच्या पुलावर नवरा म्हणाला, "विचारलं का नाहीस?"

"तू का नाही विचारलंस?"

"मला वाटलं, तू विचारशील."

हेच संभाषण आम्ही पुढे कितीतरी दिवस करत राहिलो. कधी स्वयंपाकघरात, कधी लिफ्टमध्ये, कधी मुलगी आंघोळीला गेली की घाईघाईने.

आम्ही लालबागचे. सासरे गिरणीत होते, त्यांची चाळ जिथे होती तिथेच आता आमची इमारत उभी आहे. नवरा फोर्टला विम्याच्या ऑफिसात, मी दादरला एका शाळेच्या ऑफिसात. घोडा आमच्या खानदानात कुणी पाहिला असेल तर तो वरातीतला किंवा चौपाटीवरचा. मुलगी सातवीत असताना तिच्या शाळेने सुट्टीत घोडेस्वारीचं शिबिर लावलं, विद्यार्थ्यांना सवलत होती, म्हणून पाठवलं. सुट्टी संपली की हौसही संपेल असं मी धरून चालले होते. ती संपली नाही. मग नाचाचा क्लास बंद करून शनिवार-रविवारची बॅच लावली. घरात चार शब्द मोजून बोलणारी, नखं खाणारी, पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसणारी ही पोर घोडीवर बसली की पाठ ताठ करायची. चेहरा मोकळा व्हायचा. ते एकदा बघितल्यावर 'आता पुरे' म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

बॅचमध्ये शिकायला ट्रेनर लागत नाही, तिथे दहा मुलांना एकच उस्ताद गोल गोल फिरवतो. शोमध्ये उतरायचं तर मात्र प्रत्येक मुलाचा स्वतःचा ट्रेनर हवा. तो आधी तयारी करून घेतो, शोच्या सकाळी घोडीवर बसून तिचं अंग मोकळं करतो, आणि मूल आत असताना फाटकाशी उभा राहतो. ट्रेनरची सही नसेल तर प्रवेश नाही.

सर सैन्यातल्या घोडदळातून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे. पांढऱ्या मिशा, आवाज खालच्या पट्टीतला. मराठी माणूस मिळाला म्हणून आम्हाला कोण आनंद झाला. पहिल्या दिवशी मी नारळ आणि पेढे घेऊन गेले. मुलीला म्हटलं, "सरांना नमस्कार कर." ती त्या गुडघ्यापर्यंतच्या बुटांत कशीबशी वाकली. सर दोन पावलं मागे सरले, "अहो, अहो, हे कशाला," म्हणाले, आणि नारळ हातात धरून बराच वेळ तसेच उभे राहिले. मला वाटलं, माणूस भारावला. आपण रीत सोडली नाही म्हणून मीही जरा खूश होते.

आता विचार करा, हा नमस्कार झाल्यावर त्याच माणसाला 'तुमचा रेट काय' असं कसं विचारायचं? मी काही भिडस्त बाई नाही. लालबागच्या बाजारात सरंग्याचा भाव ऐकून मी कोळणीशी जे भांडते, ते ऐकायला लोक थांबतात. रिक्षावाला, प्लंबर, केबलवाला, सगळे मला वचकून असतात. पण शिकवणाऱ्या माणसापुढे आमच्या तोंडाला कुलूप लागतं. माझ्या लहानपणी पेटी शिकवायला जे मास्तर यायचे, त्यांचे पैसे आई पाकिटात घालून, रुपया चिकटवून, देव्हाऱ्यापुढच्या पाटावर ठेवायची. मास्तर जाताना ते उचलायचे. ना कुणी मोजायचं, ना कुणी बोलायचं. त्या पाकिटात किती असायचे, हे मला आजवर माहीत नाही.

इथे पाकीट भरायला आकडा तर हवा.

नवऱ्याने ऑफिसात एकाला विचारलं, ज्याचा भाचा टेनिस खेळतो. त्याने जो आकडा सांगितला तो ऐकून नवरा घरी आला आणि गॅसचं बटण तपासायला लागला. काळजी लागली की तो हेच करतो, गॅस बंद आहे ना ते पुन्हा पुन्हा बघतो. "पण टेनिसला घोडा लागत नाही," तो म्हणाला. "म्हणजे ह्याच्या वर धरायला पाहिजे." किती वर, ते त्याला सांगता येईना. मग आम्ही कधी अमुक धरायचो, कधी त्याच्या दुप्पट. आकडा माहीत असता तर निदान हो किंवा नाही म्हणता आलं असतं. माहीत नसल्यामुळे तो रोज वाढत होता.

एकदा क्लबमध्ये धीर करून मी दुसऱ्या एका आईला गाठलं. मलबार हिलच्या बाई, डोळ्यांवर काळा चष्मा, त्यांचा मुलगाही सरांकडेच. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी हळूच विचारलं, शो का सर कितना लेते हैं. बाई गोड हसल्या. "अरे, मुझे आयडिया नहीं. वो सब ऑफिस से जाता है ना."

"हां हां," मी म्हटलं, "हमारा भी."

का म्हटलं, देव जाणे. आमचं कुठलं ऑफिस?

दरम्यान 'वेगळं' काय काय असतं ते एकेक कळत होतं. शोचं प्रवेशशुल्क वेगळं. त्या दिवसाचं घोडीचं भाडं वेगळं. घोडीला आंघोळ घालून तिच्या आयाळीच्या वेण्या घालणाऱ्या मोतद्दाराचे वेगळे. शोचा काळा कोट तर विकत घ्यायची सोयच नव्हती, म्हणून दादरला एका शिंप्याकडे शिवायला टाकला. तो लग्नाच्या बँडवाल्यांचे कोट शिवतो. त्याने मापं उत्तम घेतली, शिलाई सुरेख केली आणि छातीवर सोनेरी बटणांच्या दोन रांगा लावून दिल्या. मुलगी कोट बघून नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी त्याच संध्याकाळी परत जाऊन साधी काळी बटणं लावून आणली.

पैशासाठी मी भिशीतला माझा नंबर आधी मागून घ्यायचं ठरवलं. आमच्या मजल्यावरच्या बायकांची भिशी एक काकू चालवतात. मालवणच्या, अजून घरात मालवणीच बोलतात, चाळ असल्यापासून आमच्या शेजारी. नंबर आधी हवा तर कारण सांगावं लागतं. मी सांगितलं.

"गो बाय माझे," काकू म्हणाल्या, "घोड्यार बसूक शिकवतंस काय चेडवाक?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण कानशिलं तापली होती.

"किती घेता तो मास्तर?"

"ते... ठरायचंय अजून."

काकूंनी हसणं थांबवलं. "सरंग्याचो भाव इचारतंस मा? मगे हयसर तोंड कित्याक शिवलंस? आदी इचारून घे. मागाहून सांगल्यान तर काय करशीत?"

नंबर दिला त्यांनी. पण त्यांचा तो प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला. मागाहून सांगितलं आणि आपल्याला झेपलं नाही तर? शो होऊन गेलेला असणार, पैसे तर द्यावेच लागणार. आणि आधी सांगितलं, न झेपणारं सांगितलं, तर पोरीला काय तोंडाने सांगायचं की उतर खाली? डिसेंबर लागला तसा माझा जीव टांगणीला लागला. रात्री झोप लागली तरी दात आवळलेले असायचे, सकाळी जबडा दुखायचा.

आणि त्याच सुमारास घोडी अडायला लागली.

उड्या तशा ठेंगण्याच होत्या, माझ्या गुडघ्याहून थोड्या उंच. आधी घोडी त्या सहज घेत होती. आता मैदानाच्या आमच्या बाजूला, कुंपणालगत जी निळी-पांढरी काठी होती, तिथे आली की ती डावीकडे कलायची आणि काठीच्या बाजूने निघून जायची. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. मुलगी लगाम ओढायची, टाचा मारायची, तोंड लालबुंद. मी कुंपणाला दोन्ही हातांनी धरून उभी असायची. एका रविवारी घोडी ऐनवेळी थांबली आणि मुलगी तिच्या मानेवरून खाली घसरली. लागलं नाही, वाळू मऊ होती. पण माझ्या तोंडून जी किंकाळी निघाली तिने पलीकडचे दोन घोडे बिथरले.

सर माझ्यापाशी आले. आवाज नेहमीसारखाच खालचा. "ताई, तुम्ही जरा चहा घेऊन या ना."

"मला नको आहे चहा."

"घेऊन या," ते म्हणाले. "सावकाश घ्या."

मला हाकलत होते. माझ्या पोरीपासून मला. मी टपरीवर जाऊन बसले आणि इतकी चिडले की चहा तसाच निवला. ज्याला किती पैसे द्यायचे तेही ठाऊक नाही, तो माणूस मला सांगणार मी कुठे उभं राहायचं?

त्या दिवशी जेवताना मुलगी ताटातला भात चिवडत बसली होती. मग खाली बघूनच म्हणाली, "मला नाही करायचा शो."

"का गं?" नवऱ्याने विचारलं.

"दहावी आहे पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी आहे ना? शो तर आत्ता आहे," मी म्हटलं. "पडलीस म्हणून घाबरलीस का?"

"नाही."

"मग?"

तिने मान वर केली. "सरांचे किती होणार, तुम्हाला तरी माहितीये का?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे.

"तुम्ही रोज बोलता. बाथरूममध्ये सगळं ऐकू येतं. लिफ्टमध्ये पण मी असतेच की." तिने ताट बाजूला सरकवलं. "आई, तू तिथे कुंपणाला उभी असतेस ना, मला वरून तुझं तोंड दिसतं. आणि मला कळतच नाही, तू मी पडेन म्हणून घाबरलीयस का पैसे होतील म्हणून."

ते मलाही माहीत नव्हतं. तिथे उभी असताना दोन्ही एकदमच पोटात असायचं, आणि एवढे दिवस मी समजत होते की बाहेरून मी हसऱ्या तोंडाने उभी असते. नवरा उठून गॅसचं बटण बघायला गेला. मी त्याला म्हटलं, "बंद आहे. ये इकडे. उद्या विचारायचं."

दुसऱ्या दिवशी दोघांनीही ऑफिसात उशिरा येतो म्हणून कळवलं आणि मुलगी शाळेत गेल्यावर टॅक्सी करून क्लबवर गेलो. सर तबेल्याबाहेर बाकावर बसून एका खोगिराचा पट्टा शिवत होते. आम्हाला अवेळी बघून उठून उभे राहिले.

नवरा त्यांच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "यंदा थंडी बरी आहे."

"आहे," सर म्हणाले.

"तुमच्याकडे साताऱ्याला तर जोरात असेल."

"असते."

"ऊस वगैरे..."

"सर, किती?" मी म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. एका दारातून घोड्याने डोकं बाहेर काढलं. "शोचे. तुमचे. सगळे मिळून किती होतील ते आम्हाला सांगा."

सरांनी सुई पट्ट्यात खोचून ठेवली आणि मोठा श्वास सोडला. "देवाशपथ सांगतो ताई, महिनाभर वाट बघतोय, की ह्यांच्यापैकी कुणीतरी विचारावं."

"मग तुम्ही का नाही सांगितलंत?"

"कसं सांगू? बाकीच्यांना मी पहिल्याच दिवशी मेसेज टाकतो. रेट लिहितो, ते अंगठा पाठवतात, संपलं. तुम्ही आलात ते नारळ घेऊन. पोरीला पाया पडायला लावलंत." ते ओशाळल्यासारखे हसले. "हातात नारळ धरून आकडा कसा सांगायचा? माझ्या वडिलांनी बघितलं असतं तर जोड्याने मारलं असतं. म्हणून म्हटलं, वेगळे होतील. म्हणजे तुम्ही विचाराल. तर तुम्ही म्हणालात, बघू आपण."

म्हणजे महिनाभर कुंपणाच्या दोन्ही बाजूंना एकाच संस्कारांची माणसं उभी होती, आणि मधे पोर घोडीवरून घसरत होती. मला हसू आलं आणि रागही आला. त्यांचा आला का स्वतःचा, ते सांगता येणार नाही.

मग त्यांनी आकडा सांगितला. माझ्या दीड पगाराएवढा होता. मी बाकावर बसले. त्यातले बरेच घोडीचे, मैदानाचे, मोतद्दाराचे, असं त्यांनी समजावून सांगितलं. नवऱ्याने विम्यातल्या माणसाच्या सवयीने प्रत्येक गोष्ट दोनदा विचारून घेतली. एवढं सगळं वजा केलं तरी सरांचे स्वतःचे म्हणून त्या एका दिवसाचे जे उरत होते ते काही थोडे नव्हते.

"एका दिवसाचे?" मी म्हटलं. आता कुलूप निघालंच होतं. "तयारी तर आधीच झालेली असणार. त्या दिवशी तुम्ही नुसते फाटकाशी उभे राहणार ना?"

"हो. नुसता उभा राहणार."

"त्याचे एवढे?"

सर रागावले नाहीत. पट्ट्यावरून अंगठा फिरवत म्हणाले, "ताई, घोडं कुठे जातं ठाऊक आहे? वरचा माणूस बघेल तिकडे. लगाम नंतर. मान वळली की पाठ वळते, पाठ वळली की घोड्याला कळतं. ती निळी काठी कुंपणाजवळ आहे. तिथं आली की पोर तुमच्याकडे बघते. तुम्ही घाबरलाय का, हे बघायला. मग घोडीही तुमच्याकडे येते. घोडीची काही चूक नाही."

कुंपणाला धरलेले माझे दोन्ही हात मला आठवले.

"त्या दिवशी पोरीला बघायला एक तोंड लागतं," ते म्हणाले. "शांत. ते दाखवायचे पैसे घेतो मी. आतून मीही घाबरतो. इतकी वर्षं झाली तरी घाबरतो. पण ते तिला दिसू द्यायचं नाही, हे माझं काम. त्या दिवशी घाबरायचं ते मी. तुम्ही नाही."

मला वाटत होतं, आता ते म्हणतील, तुमच्यासाठी थोडे कमी करतो. ते म्हणतील अशी आशाही होती आणि म्हणू नयेत असंही वाटत होतं. ते म्हणाले, "कमी करणार नाही. केले तर पोरीला कळेल, आणि मग ती काठीवरून उपकार घेऊन उडी मारेल. दोनदा करून द्या. अर्धे आत्ता, अर्धे होळीपर्यंत."

मेमध्ये गावी जायचं रद्द केलं. मालवणला जाऊन आंबे खायचे, समुद्रावर जायचं, ते सगळं. भिशीचे पैसे होते, त्यात थोडे घालून अर्धे जमले. संध्याकाळी जेवताना आम्ही मुलीला आकडा सांगितला, स्पष्ट, पूर्ण, गावचं रद्द झाल्याचंही. ती "बापरे," म्हणाली. मग म्हणाली, "चालेल?"

"चालेल," नवरा म्हणाला. "आता माहितीये ना किती, मग चालेल."

तिने भात अजून वाढून घेतला. गॅसकडे त्या संध्याकाळी कुणी गेलं नाही.

त्यानंतर शोपर्यंत मी मैदानाकडे फिरकले नाही. टपरीवर चहा घेत बसायची. घोडी उडते का अडते, कुणाला विचारायची नाही. मुलगी परत आली की तिचं तोंड कसं आहे ते मी बघायची, आणि ते बरं दिसायचं. टपरीवाला आता मला न विचारता आलं घालून द्यायला लागला होता.

शोच्या सकाळी घरातून निघताना मी तिच्या तळहातावर दही-साखर ठेवली. नारळ नेला नाही, हळदकुंकूही नेलं नाही, हात शिवशिवत होते तरी. मैदानाभोवती मोठमोठ्या गाड्या लागल्या होत्या. सगळ्या मुलींचे कोट एकसारखे काळे, त्यात आमचा दादरचा कोट वेगळा ओळखू येत नव्हता. सरांनी मला लांबूनच मान हलवून नमस्कार केला. मी नवऱ्याला म्हटलं, तू बघ, आणि घोडे वाहून आणणारा एक ट्रक उभा होता त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. तिथून मैदान दिसत नाही. नुसतं पत्र्यावर ऊन आणि गवताचा वास.

घाबरायचं काम सरांना दिलं होतं, पैसे मोजून दिलं होतं. तरीही त्यातलं थोडं माझ्याकडे उरलंच होतं. घंटा वाजली. मग टापा ऐकू आल्या, एका ठेक्यात. ठेका मधेच बंद व्हायचा, म्हणजे घोडी हवेत. पुन्हा सुरू व्हायचा, म्हणजे उतरली. प्रत्येक वेळी तो बंद पडला की माझा श्वासही बंद पडायचा. टापा जवळ जवळ यायला लागल्या. कुंपणाजवळची काठी माझ्याच बाजूला होती. मी ट्रकच्या चाकाला टेकून डोळे मिटून घेतले आणि मनातल्या मनात म्हणत राहिले, इकडे बघू नकोस, बाळा, मी इथे नाहीये. ठेका बंद झाला. पुन्हा सुरू झाला. टापा लांब गेल्या.

कुठेतरी शेवटाला काठी पडल्याचा आवाज आला, लाकडाचा, पोकळ. लोक "ओह" म्हणाले. मग टाळ्या.

मी बाहेर आले तेव्हा ती फाटकातून बाहेर पडत होती. नवरा कुंपणापाशी मैदानाकडे पाठ करून उभा होता, म्हणजे त्यानेही काही पाहिलं नव्हतं. घामाने निथळलेली घोडी, वर आमची पोर, तोंड लालबुंद, आणि ती हसत होती. सर पुढे झाले, घोडीच्या मानेवर हात ठेवून काहीतरी म्हणाले. ती वाकून त्यांना हाताने दाखवायला लागली, कुठे वळली, कुठे घाई झाली, काठी कशी लागली. सर मान हलवत होते. घरात चार शब्द मोजून बोलणारी माझी मुलगी भडाभडा बोलत होती.

मी जवळ जाऊन उभी राहिले. पर्समध्ये पाकीट होतं, उरलेल्या अर्ध्यातले जमले तेवढे त्यात होते, वर रुपया चिकटवलेला. तेवढी रीत काही सोडवली नव्हती.

"बाळा," मी म्हटलं.

"एक मिनिट हं, आई," ती म्हणाली. वळून न बघता. आणि सरांना पुढे सांगत राहिली.

एवढे दिवस ती उडीच्या आधी माझ्या तोंडाकडे बघायची. आता बघायची गरज पडली नव्हती, ना उडीच्या आधी ना नंतर. ह्याचेच पैसे होते. काम चोख झालं होतं. मला तिथेच, सगळ्यांसमोर, रडू आलं, आणि ती बोलत असेपर्यंत मी पाकीट हातात धरून बाजूला उभी राहिले.